सूपभर कोंडा

“पटणार न्हाय तुम्हास्नी. वडगावात कुणालाच पटायचं न्हाय,” भरमू म्हणाला, “पन परशराम माझा सख्खा भाऊ न्हवंच.”

निपाणीहून आलेल्या पाहुण्यांच्या बशा तोंडापाशी थांबल्या. आतल्या खोलीत परशराम रिकाम्या हातमागापुढं बसून कुणाशी तरी भांडत होता. समोर कुणी नव्हतं.

भरमू गप्पाड्या माणूस. मार्कंडेय नदीतल्या मगरीला आपण लुगडं नेसवलं, हे तो शपथेवर सांगे. आज मात्र थट्टा नव्हती. आतल्या या आवाजापायीच अंजनीची, त्याच्या लेकीची, दोन स्थळं उंबऱ्यातनं परत गेली होती. तिसरं जाऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच त्यानं सकाळी फेटा बांधला होता.

मुलाचा बाप यल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. आडपडदा त्याला माहीत नव्हता. “भरमाण्णा, पोरगी लई आवडली. पर येड रक्तातनं येतंय म्हणत्यात. उद्या नातवात उतरलं तर?”

“रक्तातनं येतंय, व्हय. डॉक्टर म्हणतोय, उपासानं येतंय, भीतीनं येतंय, मारानंबी येतंय. मग आता मला सांगा, आमी दोघं एकाच भाकरीवर वाढलो, एकाच बापाचा मार खाल्ला, प्लेग आला की गावाभायेर एकाच झोपडीत कुडकुडलो. त्याला आवाज ऐकू आलं, मला न्हाय. का? रक्त निराळं!”

बोलता बोलता त्यानं नाकपुडीवरचं जुनं भोक चोळलं. घाबरला की तो ते चोळी. गेली तीस वर्षं धोटा फेकताना तो कान टवकारून बसे. मागाच्या खडखडाटात आपल्यालाही कुणी हाक मारतंय का, ते ऐकत. बापही शेवटी मागाशीच बोलत गेला होता. ते त्यानं पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

“रक्त निराळं आसलं तर आत्ता नारळ देतो,” यल्लाप्पा म्हणाला. “पर परशराम आला कुठनं?”

“मनू सुईणीनं आणला. आईला मूल होईना. मनूनं कुणाचं तरी पोर सुपात घालून दिलं, आईनं सूपभर कोंडा देऊन घेतलं.”

“अरं तिच्या!” यल्लाप्पा म्हणाला. “कोंडा तर पोरं जगत न्हाईत तवा देत्यात. आपलंच पोर सुईणीला द्यायचं आन् कोंड्याला परत घ्यायचं. सटवीला फसवायला.”

“ते लटकं झालं. माझ्या येळी तसंच केलतं. परशरामामागं दोन गेली, म्हणून मला कोंड्याला घेतला, नाक टोचलं. परशरामाचं मात्र खरं.”

“साक्ष?”

“मनू आसती तर सांगितली आसती. गेली बिचारी.”

भिंतीला टेकून यल्लाप्पाची चुलती मालुबाई मशेरी लावत बसली होती. साठीची बाई, आल्यापासून गप्प. तिचं माहेर कुठलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती दारात जाऊन थुंकून आली.

“मनू सुईण माझी आई,” ती म्हणाली.

भरमूची बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला.

“परशराम जलमला तवा चुलीवर पाणी मी तापवलं. सोळा आणे ह्याच घरचा हाय त्यो. बापाचं नाक, बापाचंच येड.”

दाराआड बांगड्या वाजल्या. अंजनी तिथनं आत निघून गेली. भरमूनं मान खाली घातली. तिसरंही गेलं.

मालुबाईनं पिशवीतला नारळ काढला आणि यल्लाप्पाच्या हातात ठेवला.

“दे रं पोरीच्या वटीत,” ती म्हणाली, आणि भरमूकडं वळली. “खोटं बोललास रं लबाडा. त्या दोघांमागं तुझ्या आईचं तिसरं पोरबी मेलतं. प्लेगच्या झोपडीत आईबाप गेलेलं तान्हं माझ्या आईनं सुपात घालून हितं आणलं, ते परशराम न्हवं. ते तू.”