काळ्या चहाचा कोर्स

गुडघा बरा झाला असं सांगून टाकलं ही मोठी चूक झाली, हे महादेवरावांच्या ध्यानात आलं तेव्हा चारुशीलाबाई जिना उतरून गेल्या होत्या. झोप आधीच सुधारली होती, पोटाचीही कुरकुर थांबली होती. आता गुडघाही गेला. तक्रारच उरली नाही तर बाई पुढच्या महिन्यात येतील कशाला?

ते लगबगीनं गॅलरीत आले.

"मॅडम, खांदा तेवढा अजून दुखून राहिला बरं का."

खालून बाईंनी मान वर केली. "मंग कोर्स मधात सोडू नका. येईन मी."

महादेवराव मूळचे सावनेरचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये ते आणि मुलगी अरुंधती, अशी दोघंच. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. चारुशीलाबाई कामठीच्या. त्याही एकट्याच, मुलगा पुण्याला. पावसाळा सरता सरता बागेतल्या आरोग्य शिबिरात त्या टेबल मांडून काळ्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल विकत होत्या. माणसाच्या शरीराला लोखंडासारखा आतून गंज चढतो आणि या अर्कातले अँटिऑक्सिडंट तो चढू देत नाहीत, असं समजावून सांगत होत्या. जन्मभर गंजलेल्या खांबांशी झगडलेल्या महादेवरावांना हे एकदम पटलं. बाई त्याहून जास्त पटल्या.

कॅप्सूल मात्र त्यांच्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. गोळी गिळायची म्हटली की लहानपणापासून त्यांना ठसका लागायचा. पण बाई दर महिन्याला घरी येऊन काय फरक पडला ते विचारणार म्हटल्यावर हे सांगणार कोण? ते बाटली घेत, हिवाळ्यासाठी बंद केलेल्या कूलरची जाळी सरकवून आत ठेवून देत आणि बाई यायच्या आधी फरकाची तयारी करून ठेवत.

बाईंची चौकशी मोठी कसून असे. झोप लागते का, भूक कशी आहे, सकाळी पाय आखडतात का. बोलणं अर्कावरून सुरू होई आणि सावनेरची संत्री, कामठीच्या बसची गर्दी, सुनेचा फोन न येणं, असं कुठंही पोचे. मधे चहा होई. अर्क विकणाऱ्या बाई स्वतः मात्र दुधाचा, चांगला गोडमिट्ट चहा पीत आणि अर्क वेगळा, चहा वेगळा, असं म्हणत. बिल्डिंगमधले सगळे त्यांना ताई म्हणायचे. महादेवराव तेवढे मॅडम म्हणायचे.

अरुंधतीला हे प्रकरण पसंत नव्हतं. काळ्या चहाचा एवढाच सोस असेल तर चहात दूध घालू नका, बाटली कशाला हवी, असं ती बापाला बजावायची. हिवाळ्यात बाईंनी पैसे घेणं थांबवलं. कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांना बाटली फुकट केली, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा तर अरुंधतीचा संशय दुप्पट झाला. बाटलीवरचा नंबर तिनं फिरवून पाहिला, कोणी उचलला नाही. मग ती म्हणाली की एक कॅप्सूल ओळखीच्या माणसाकडून तपासूनच घेते.

महादेवरावांनी साफ नकार दिला. आत काय निघेल याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. काहीही निघालं तरी बाईंचं येणं बंद होईल, एवढं त्यांना कळत होतं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. बाई यायच्या त्या दिवशी अरुंधती मुद्दाम घरी थांबली. महादेवराव हात वर करून खांदा नेमका कुठं अडतो ते दाखवत होते आणि बाई काळजीनं ऐकत होत्या. तेवढ्यात, फार उकडतंय म्हणत अरुंधतीनं कूलरचं जुनं गवत बदलायला घेतलं. तिनं जाळी ओढली आणि बाटल्या गडगडत फरशीवर आल्या. सगळ्या तोंडापर्यंत भरलेल्या. एक तर बाईंच्या पायाशीच येऊन थांबली.

महादेवरावांचा हात वरचा वरच राहिला.

"बाबा," अरुंधती म्हणाली, "मग गुडघा कशानं बरा झाला?"

"तो दुखतच नव्हता."

मग ते खाली बसले आणि फरशीकडे बघत सगळं सांगून मोकळे झाले. गोळी गिळता येत नाही. झोप पहिल्यापासूनच चांगली आहे. दुखणारा खांदा डावा की उजवा, हेसुद्धा आज सकाळी आरशासमोर ठरवलं. मॅडमनं येत राहावं म्हणून हे सगळं.

चारुशीलाबाईंनी पायाशी आलेली बाटली उचलली, पदरानं पुसली.

"एकही नाही खाल्ली?"

"एकही नाही."

बाईंनी भलामोठा श्वास सोडला आणि त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"बरं झालं. मले रोज घोर लागून राहायचा," त्या म्हणाल्या. "कंपनी तर दिवाळीलेच बंद पडली. तवापासून घरची चहापत्ती मीच भरून राहिली."