छबू

"आली माझी छबू!" दवाखान्यातल्या खाटेवरून सासूबाईंनी कुंदाचा हात ओढून गालाशी धरला. कुंदा गोंधळलीच. छबू ही त्यांची वारलेली लेक. सुनेला त्यांनी लग्नापासून कधी जवळ घेतलं नव्हतं.

"अष्टविनायकाच्या बसमध्ये पाणीच प्यायल्या नाहीत," ती डॉक्टरांना म्हणाली. "वाटेतले संडास घाण असतात म्हणून."

"लघवीतले जंतू रक्तात गेलेत. त्यांच्या विषानं भ्रम झालाय, औषधानं उतरेल. पण घरी पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर पुन्हा होईल."

भ्रम उतरला. घरी येताच सासूबाई खेकसल्या, "तोंडाकडे काय बघतेस? पाणी आण!"

कुंदा तांब्या धरून माठापाशी उभीच राहिली. पाणी कमी पडलं, तर तिला पुन्हा छबू होता आलं असतं.

मग तिनं घाईघाईनं तांब्या काठोकाठ भरला.