पेन्सिलीने ठोकून पाहताना

संध्याकाळच्या कार्यक्रमात माझ्या गिटारचा जुना ॲम्प्लिफायर दगा देऊ नये, म्हणून मी दुपारीच धरमपेठेतल्या हॉलवर आले. घरी माझ्या लेकीला, नूपुरला ताप होता. सासूबाईंना मी सांगितलं होतं, औषध घेऊन येते.

ॲम्प्लिफायर चालू असताना त्यातले बल्बसारखे व्हॉल्व्ह एकेक करून पेन्सिलीने हलकेच ठोकून पाहायचे. ज्याला ठोकल्यावर स्पीकरमधून घुमणारा आवाज येईल, तो बदलायचा. काचेचे जादा व्हॉल्व्ह मी नूपुरच्या इवल्या मोज्यांत घालून आणले होते.

शेवटचा ठोकून पेन्सिल खाली ठेवली, तरी स्पीकरमधून आवाज येतच राहिला. दोन हलके, एक जड. मी नूपुरला अशीच थोपटते.

मी ॲम्प्लिफायरची वायर सॉकेटमधून ओढून काढली. थोपटणं थांबलं नाही.

घाबरून घरी फोन लावला.

"काहून वं, आतल्या खोलीतून फोन करून राहिली?" सासूबाई हळूच हसल्या. "झोपू दे न तिले. तूच तर थोपटून राहिली."

तेव्हा मला किंचाळायला हवं होतं. पण आधी हायसं वाटलं, की चला, नूपुरजवळ कुणीतरी आहे, आता कार्यक्रम होईल.

तेवढ्यात थोपटणं थांबलं. मग स्पीकरमधून आमच्या आतल्या खोलीला आतून कडी लागल्याचा आवाज आला.