पावडर बसेपर्यंत

डॉक्टरांनी हेडक्लार्कला घरी जायची परवानगी दिली आणि हेडक्लार्कने ती नामंजूर केली. पण असं काही अजून झालेलंच नाही, असं तूर्त धरून चालावं. डॉक्टरांचा राउंड अजून यायचाय, आणि वॉर्डच्या कोपऱ्यातल्या खाटेवर मुलगी आपल्या बापाच्या डाव्या डोळ्याखाली पावडर लावतेय.

"परीक्षा तुझ्या आईची आहे. मला कशाला रंगवतेस?" हेडक्लार्क म्हणाला.

"नवीन आलीय, बाबा. कालच दुकानात खोकं फोडलं. आधी कोणावर तरी बघायला नको?"

"म्हणजे मी कोणीतरी."

"हलू नका."

मुलगी मेकअपच्या काउंटरवर उभी असते. पावडर चपट्या डबीत दाबून बसवलेली होती, फिकट पिवळी, गोल. कोणीही बिस्कीट समजून चहात बुडवली असती.

परीक्षेचं असं झालं होतं की, काल डॉक्टरांनी हेडक्लार्कचे हर्नियाचे टाके पाहिले, छान म्हणाले आणि घरी सांभाळायला कोण आहे, असं विचारलं. बायको पुढे झाली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि पेन खिशात ठेवलं. "यांनाच आधी कोणीतरी सांभाळायला हवं. उद्या बघू." ऑपरेशन नवऱ्याचं झालं होतं, नापास बायको झाली होती.

ऑपरेशन झाल्यापासून ती रात्रभर स्टुलावर बसून असायची. तो उठायच्या नुसत्या विचारात असला तरी तिचा हात त्याच्या कोपराखाली हजर. आज काहीही करून याला घरी न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. घरी गेल्यावर तिने झोपायचं, हे त्याने ठरवलं होतं.

डावा डोळा झाला. हेडक्लार्क डावीकडून महिन्याभराच्या रजेवरून आल्यासारखा दिसत होता, उजवीकडून हिशेब न जुळल्यासारखा.

"डावी बाजू घरी सोडायला हरकत नाही," पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले.

"चल आई, तुझा नंबर. मान मागे टाक."

स्टुलाला पाठ नव्हती. बायकोने मान मागे टाकली आणि तिच्याबरोबर स्टूलही मागे निघालं.

"इथे टेक, उशीला," म्हणत हेडक्लार्क खाटेवरून खाली उतरला.

"अहो थांबा, मी धरते!"

"काय धरतेस? उतरलो मी."

तो खरंच उतरला होता. खाटेचा कठडा धरून उभा होता आणि सगळ्यांइतकाच चकित होता.

बायको उशीला टेकली. खिडकीतला उजेड तिथे बरा होता. मुलीने आधी डोळ्यांखाली कन्सीलर लावलं आणि मग पफ डबीत टेकवून हलकेच थोपटायला सुरुवात केली.

"अशी लावलीस तर संध्याकाळ होईल. भराभर घास की," हेडक्लार्क म्हणाला.

"घासायची नसते, बाबा. घासली की खालचं सगळं निघून येतं. थोपटायची असते."

"हे कोणी शिकवलं तुला?"

मुलीने पफनेच आईकडे दाखवलं आणि पुन्हा थोपटायला लागली.

"आता डोळे मीट. एक मिनिट तशीच राहा, पावडर बसू दे."

"आणि तोवर हे पडले म्हणजे?" बायकोने डोळे मिटता मिटता विचारलं.

"कोण पडतंय," हेडक्लार्क कठडा आणखी घट्ट धरून म्हणाला.

मिनिट झालं.

"आई, उघड."

आईने तोंड उघडलं, थोडंसंच. डोळे नाही. मग तिची मान उशीवर एका बाजूला कलली आणि तिने गाढ झोपेतला असा श्वास सोडला, की पलीकडच्या आजोबांनी उशाशी लावलेला आपला रेडिओ बंद केला.

पावडर उत्तम होती. काळ्याचा मागमूस उरला नव्हता. फक्त ती डॉक्टरांना दाखवायला उठून बसणारं आता कोणी नव्हतं. मुलीने आईच्या सँडल काढल्या, पाय वर घेतले. हेडक्लार्कने एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने आपलं पांघरूण तिच्या अंगावर ओढलं. कठडा आला नाही.

तेवढ्यात राउंड आला.

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं, मग खाटेला अडकवलेल्या कागदाकडे. कागदावर पुरुष होता. मग त्यांनी कठड्यापाशी उभ्या असलेल्या, एकाच डोळ्याने ताज्यातवान्या माणसाकडे पाहिलं.

"तुम्ही कोणाला धरून उतरलात?"

"कोणालाच नाही. जी धरते ती झोपलीय."

"चालून दाखवा."

हेडक्लार्क खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. वाटेत कोणाचाही हात त्याच्या कोपराखाली आला नाही. त्याने दोनदा वळून पाहिलं.

"मग अडलंय कुठे? जा घरी," डॉक्टरांनी पेन काढलं. "उठवा यांना, आणि निघा. या खाटेवर दुसरा पेशंट यायचाय."

मुलीने आईच्या खांद्याकडे हात नेला. हेडक्लार्कने तो हवेतच धरला. मग त्याने दवाखान्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, घसा खाकरायचा होता तो खाकरला नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज ज्या भाषेत पुढे सरकवले, त्या भाषेत, पण कुजबुजत, तो म्हणाला:

"महोदय, परवानगी साभार परत. तूर्त पावडर बसत आहे. ती पूर्ण बसेपर्यंत आपला राउंड, येणारा पेशंट, भिंतीवरचं घड्याळ आणि खिडकीतून हिच्या तोंडाकडे सरकत असलेलं ऊन, हे सर्व आहे त्या जागी स्थगित ठेवण्यात यावं, ही नम्र विनंती."