खुर्चीवरचं बोंड

“खुर्चीवर हे काय ठेवलंय? झाडाचं बोंड?” नॉर्मनने विचारलं.

हॅल्डरबीच्या किल्ल्यातलं ते जेवणघर होतं. लांबलचक टेबल, भोवती चौदा खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या गादीवर पाइनच्या झाडाचं एकेक वाळकं, खवल्याखवल्यांचं बोंड. ब्रेंडा नवऱ्याच्या मागे उभी होती. तिचं लक्ष कशाकडेच नव्हतं. पर्समध्ये मुलाचं पत्र होतं आणि ते नॉर्मनला कधी दाखवावं, हे सकाळपासून ठरत नव्हतं.

पत्र चारच ओळींचं होतं. ‘शनिवारी तिकडून जाणार आहे. जेवायला येऊ का? बाबांना विचार. ते नको म्हणाले तर नाही येणार.’ आज गुरुवार होता.

दोन वर्षांपूर्वी ॲड्रियन जेवताना म्हणाला होता, “बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही. गाडी चालवणं सोडा.” नॉर्मनने काटा खाली ठेवला आणि मुलाला दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने ॲड्रियनच्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून ठेवला. पाहुणे आले तरी तो गठ्ठा हलत नसे. ब्रेंडा रोज त्याच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, काय हा राग! पोराला बसायची जागासुद्धा ठेवली नाही.

गाडी मात्र नॉर्मनने गेल्या हिवाळ्यात गुपचूप विकून टाकली. आज दोघं दोन बस बदलून आले होते. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

दाराशी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई उठून आल्या. हौसेने किल्ला दाखवायला येत त्या. “खुर्च्या जुन्या आहेत. कुणी बसू नये म्हणून बोंड.”

“मग तशी पाटी लावा की.”

“पाटी लावली की माणसाला दटावल्यासारखं वाटतं. बोंड दिसलं की समजतं, ही जागा कुणाची तरी आहे.” बाई हसल्या. “आणि बघून नाही समजलं, तर बसल्यावर समजतं!”

नॉर्मन हसला नाही. बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिला.

बाहेर खंदकाच्या काठी, पाइनखालच्या बाकावर त्यांनी डबा उघडला. अंड्याचे सँडविच, थर्मासमधला चहा.

“आतल्या उपाहारगृहात गरम केक होता,” ब्रेंडा म्हणाली.

“आतला चहा म्हणजे दरोडा. पूर्वी तलवार घेऊन लुटायचे, आता किटली घेऊन.” बोलता बोलता तो वाकला. पायाजवळचं एक बोंड उचलून त्याने फुंकरीने साफ केलं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

“ते कशाला आता?”

“ॲड्रियनच्या खुर्चीवर ठेवायला. वर्तमानपत्रांची अडगळ वाटते लोकांना. मागच्या नाताळात तुझी बहीण गठ्ठा उचलून बसायलाच निघाली होती. वेळेवर ओरडलो म्हणून.”

ब्रेंडाच्या हातातला सँडविच तसाच राहिला. मग तिने पर्स उघडली आणि पत्र त्याच्यापुढे धरलं.

नॉर्मनने चष्मा पुसला. पत्र लांब धरलं, मग डोळ्यांजवळ आणलं, आणि परत तिच्या हातात दिलं. “तूच वाच. मला दिसत नाही.”

तिने वाचलं. चार ओळी संपायला वेळ लागला नाही. खंदकात दोन बदकं एकमेकांमागून निघून गेली.

नॉर्मनने खिशातलं बोंड काढलं आणि होतं तिथेच झाडाखाली ठेवून दिलं.

“राहू दे इथेच,” तो म्हणाला. “शनिवारी टोचेल त्याला.”