मालोमोची वाट

रबरी वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब धरला. आधी नुसता ओलसर ठिपका होता. मग तो फुगला, लोंबला आणि मोरेनिकेच्या मनगटावर पडला. तिने वाटी पुसली, पुन्हा पाण्याने भरली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दुसरा थेंब त्याच जागी आला.

मूल राहू नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायची ही वाटी तिला इबादान शहरातल्या एका नर्सने दिली होती. दर वेळी पाणी भरून बघत जा, असं बजावून. आता ती नर्स नव्हती. नव्या बाईने सांगितलं होतं की या वाट्या यायच्या बंद झाल्या. गोळ्या हव्या असतील तर नवऱ्याला घेऊन ये. नवरा, अकान्बी, कोलाच्या बिया विकून आज संध्याकाळी कानोहून परतणार होता. त्याला न्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्या मुलाच्या शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले होते, याला सिकलसेल आहे. म्हणजे दोष आईच्याही रक्तात आहे आणि बापाच्याही. पुढचं मूल धडधाकट निघेल किंवा असंच निघेल. कुणी सांगू शकत नाही.

हे कळलं तर अकान्बी दुसरी बायको आणेल, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं तोंड बंद राहिलं ते त्या भीतीने नव्हे. सासूबाईंमुळे.

थोरला गेला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या कानाच्या पाळीला बारीकशी खाच पाडली होती. असली पोरं मरून पुन्हा त्याच कुशीत येतात, असं त्या मानत. आला की ओळखू यावा. धाकटा जन्मला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी कान पाहिला, त्यांना तिथे खाच दिसली आणि त्या हसल्या. आला गं चोर परत, म्हणाल्या. नाव ठेवलं मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. त्याचेही हातपाय सुजले. तोही हाडं दुखून रात्र रात्र रडला आणि चालायला लागायच्या आत गेला. सासूबाई दोन्ही वेळा रडल्या नाहीत. गावाला गेलेल्या माणसासाठी कोण रडतं?

आज त्यांनी अंगणात चवळीचं मोठं पातेलं चढवलं होतं. गल्लीतली पोरं ऊस चोखत बसली होती. पोरं जेवून तृप्त झाली की मेल्यावरच्या जगातले सवंगडी माझ्या नातवाला सोडतील, असा त्यांचा हिशेब होता. त्या एकेकाला वाढत होत्या, हावरटा, शेजारच्याला ठेव, म्हणून दटावत होत्या.

मोरेनिके येऊन गुडघ्यांवर बसली. सासूबाईंनी तिच्या हातात घुंगरांचे लोखंडी वाळे ठेवले. लोहाराकडून नवे करून आणले होते.

"या खेपेला पायातच घालू. बघू कसा पळतो ते."

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या की अकान्बी थकून येईल, तर त्याला बाहेर गप्पा मारत बसू देऊ नकोस. या वयात सुनेला हे सांगावं लागतंय, म्हणून स्वतःच हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

"मालोमो रोज तुझ्या मागे उभा दिसतो गं. मी हाक मारते. दारापर्यंत येतो आणि मागे फिरतो. माझ्यावर रागावलाय का?"

मोरेनिकेने वाळे हळूच त्यांच्या मांडीवर ठेवले.

"तो एकच नव्हता, आई. दोन वेगळी लेकरं होती, आणि दोन्ही मेली. तिसरं मी येऊ देणार नाही."