डचेसच्या शेजारचा माणूस

"डुकरीण बारीक आलीये!" ग्रिमशॉसाहेब गरजले आणि त्यांनी चित्राचं प्रूफ टेबलावर आपटलं.

केझायाने प्रूफ पुन्हा नीट पाहिलं. डुकरीण मुळीच बारीक नव्हती. यंदाच्या जनावरांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस पटकावणारी डचेस होती तश्शी उतरली होती, पोट जमिनीला टेकलेलं आणि डोळे चरबीत बुडालेले. अडचण होती ती शेजारी. शेजारी काळा कोट आणि उंच टोपी घालून खुद्द ग्रिमशॉसाहेब उभे होते, आणि त्यांच्या पोटापुढे बिचारी डचेस पाळलेल्या मांजरीएवढी दिसत होती. पण हे त्यांना सांगणार कोण? गावातल्या निम्म्या चुली त्यांच्या गिरणीच्या जिवावर पेटत होत्या.

"काल खानावळीत हे चित्र हातोहात फिरलं," साहेब म्हणाले. "एक जण म्हणाला, बक्षीस नक्की दोघांपैकी कुणाला मिळालं? लोक टेबलं बडवून हसले. का हसले? माझी डुकरीण मरतुकडी काढलीत म्हणून! फुगवा तिला, बाई. चहूबाजूंनी चांगली बोटभर फुगवा."

"कॉर्सेटवाल्या बाईकडे डुक्कर दिलं, माझंच चुकलं साहेब," छापखान्याचे मालक ओल्ड्रॉइड हात चोळत म्हणाले.

हे केझायाला झोंबलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती ओल्ड्रॉइडसाठी लाकडी ठसे कोरत होती, आणि अकरा वर्षं तिच्या वाट्याला एकच काम येत होतं, कंबर आवळून धरणाऱ्या कॉर्सेटच्या जाहिराती. जाड्या बायका, मग त्याच बायका बारीक. बायकांच्या हाताला बायकांच्याच वस्तू शोभतात, असं ओल्ड्रॉइडचं मत. तिला मात्र बैल कोरायचे होते, मेंढे कोरायचे होते, घोड्याची मान कोरायची होती. यंदा नेहमीचा कारागीर काम सोडून गेला, म्हणून नाइलाजाने डचेस तिच्याकडे आली. साहेबांनी चित्र पसंत केलं तर प्रदर्शनातली सगळी जनावरं तिची. नाही केलं, तर मरेपर्यंत कॉर्सेट.

"साहेब, ठशात जे लाकूड उरतं त्याला शाई लागते," ती म्हणाली. "डुकरिणीभोवतीचं लाकूड मी कोरून टाकलंय. आता ती फुगवायची कशात? लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही."

"ते मला सांगू नका. मी गिरणी चालवतो, मला कुणी सांगतं का सूत कसं निघतं?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी समोर जेवायला जातो. दोन तासांत डचेस लठ्ठ झालेली दिसली पाहिजे. नाहीतर लीड्सहून दुसरा माणूस आणवतो."

दोघे गेले. केझायाने ठसा चामड्याच्या उशीवर ठेवला आणि कपाळाला हात लावून बसली. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी स्वतःवरच चिडली. नवा ठसा कोरायचा तर चार दिवस लागणार. डचेसच्या अंगाला हात लावावा तर ती आणखी वाळणार. तिने डचेसकडे पाहिलं. मग ठशावर तिच्या शेजारी उभ्या साहेबांकडे पाहिलं. काळा कोट. अख्खाच्या अख्खा काळा. म्हणजे तिथे लाकूडच लाकूड.

"काढायचंच आहे," ती ठशाला म्हणाली, "तर जिथे भरपूर आहे तिथून काढू."

तिने कोरणी उचलली. अकरा वर्षांत किती कंबरा उतरवल्या याची तिलाच गणती नव्हती. आधी पोट उतरवलं. मग गालांवरची सूज गेली, दुसरी हनुवटी गेली, मांड्या निम्म्या झाल्या. टोपीही वरून थोडी छाटली. शेवटी उरल्या कोटावर नवी बटणं कोरली. शाई लावली, कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासून प्रूफ काढलं.

साहेब परतले ते मटणाचे दोन पाय रिचवून. कोटाचं खालचं बटण उघडंच होतं. मागून ओल्ड्रॉइड आले. चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कागदावर वेताच्या छडीसारखा एक सडपातळ गृहस्थ उभा होता, आणि त्याच्या शेजारी डोंगराएवढी डुकरीण.

साहेबांनी प्रूफ खिडकीशी नेलं. उजेडात धरून वरपासून खालपर्यंत निरखलं. केझायाच्या मनात कॉर्सेटच्या दोऱ्या आवळायला लागल्या.

"बघा!" साहेब एकदम म्हणाले. "म्हणे फुगवता येत नाही! दोन तासांत केवढी केलीत! ही खरी माझी डचेस." मग त्यांनी चित्रातल्या माणसाकडे प्रेमाने पाहिलं. "मला हात लावला नाहीत, हे बरं केलंत. मी पहिल्यापासून हुबेहूब आलो होतो."

ओल्ड्रॉइडनी लगेच प्रदर्शनातल्या बैलांची यादी केझायापुढे ठेवली.

आठवडाभरात ते चित्र गावातल्या दुकानादुकानांत लागलं. सोमवारी सकाळी केझाया पहिल्या बैलाचं शिंग कोरत होती, तेव्हा दार वाजलं. दारात चर्चचे पाद्रीबुवा उभे होते. त्यांना स्वतःचं चित्र काढून घ्यायचं होतं म्हणे. आत यायला ते आडवे वळले, तरी चौकटीला घासलेच. मग इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले,

"बाई, माझ्याकडे डुकरीण नाही हो. तुमच्याकडचीच एखादी शेजारी उभी कराल का?"